उत्तरेकडे काय बघताय?

२०२४ सालच्या डिसेंबरचा पहिला आठवडा आठवा. नोव्हेंबर संपता संपता पुण्यात पारा दहाच्या खाली उतरला होता, ट्रंकेतले स्वेटर बाहेर आले होते. आणि ४ डिसेंबरला मुंबईत सांताक्रूझला कमाल तापमान ३७ अंशांच्या पुढं गेलं. डिसेंबरातला एवढा ताप मुंबईनं सोळा वर्षांत अनुभवला नव्हता. पुण्यात रात्री पंखे लागले. मग ९ तारखेच्या पहाटे त्याच सांताक्रूझला किमान तापमान १४ अंशांच्याही खाली. बातम्यांत आधी ‘थंडी गायब’, मग ‘थंडी परतली’. ती का गेली, कुणी घालवली, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

ती समुद्रानं घालवली. ३० नोव्हेंबरला ‘फेंगल’ हे चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचं उरलंसुरलं बळ दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्रात उतरलं. तेवढ्यानं आपल्याकडचे वारे फिरले. उत्तरेचा कोरडा वारा थांबला, पूर्व-आग्नेयेकडून बाष्प आलं आणि राज्यावर ढगांची घोंगडी पडली. ढग असले की दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता रात्री वर निसटत नाही, किमान तापमान चढंच राहतं. मुंबईत पूर्वेच्या जोरदार वाऱ्यानं दुपारचे खारे वारे अडवून धरले, म्हणून शहर तापलं. वादळाचा असर ओसरला, उत्तरेचा वारा मोकळा झाला, गारठा आला. यात गूढ काही नाही. पण हे दोन वाक्यांत सांगणारं वार्तापत्र मला तेव्हा दिसलं नाही.

आपल्याकडे थंडीचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना उत्तरेकडे वळतात. काश्मिरात बर्फ पडला, दिल्लीत धुकं पडलं, आता दोन दिवसांत आपल्याकडे. वारा उत्तरेचा असतो हे खरंच आहे. पण तो इथवर पोचणार की नाही, पोचला तर किती दिवस टिकणार, हे बंगालचा उपसागर, अरबी समुद्र आणि इथून दहा हजारांवर किलोमीटर दूरचा पॅसिफिक ठरवतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर गोठलेल्या दवाचे फोटो दर वर्षी पहिल्या पानावर छापले जातात. अरबी समुद्र त्या दिवशी किती तापलेला आहे, हा आकडा आतल्या पानावरही नसतो. शेतकऱ्याला त्या फोटोचा काही उपयोग नाही. आकड्याचा आहे.

समुद्राच्या हाती एवढी सत्ता कशी? त्याच्या वरच्या जेमतेम तीन मीटरच्या थरात जेवढी उष्णता मावते, साधारण तेवढीच त्याच्यावरच्या सगळ्या वातावरणात मावते. हवा लवकर तापते, लवकर निवते. समुद्र सावकाश तापतो आणि महिनोन् महिने ती उष्णता सोडत राहतो. आपण कोळसा आणि तेल जाळून जी जादा उष्णता अडकवून ठेवली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली आहे. ती तिथंच पडून राहत नाही. बाष्प होऊन, वारा होऊन, वादळ होऊन वर येते. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. डिसेंबरात ते बाष्प आपल्या डोक्यावर आलं की त्याचं काय होतं, ते निफाडच्या द्राक्षवाल्याला विचारा.

हे ज्ञान परदेशातून आयात केलेलं आहे, असं कुणी म्हणू नये. पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेची जुनी दगडी इमारत आहे. पुणेकर तिला अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथं आलं. त्याच खात्याचा प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर हा गणिती १९०४ साली भारतात आला. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी होती आणि पाऊस आधी कळावा, एवढीच सरकारची मागणी होती. वॉकरनं जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि आपल्या भारतीय कारकुनांकडून हातानं हजारो गणितं करून घेतली. त्यातून दिसलं की पॅसिफिकवर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही. मोठ्या झोक्यासारखा हा खेळ चालतो, पण तो कशामुळं, हे वॉकरला सांगता आलं नाही. अनेकांनी त्याचं म्हणणं उडवून लावलं. १९६९ साली याकोब ब्यर्क्नेस या शास्त्रज्ञानं हा दाबाचा खेळ पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाशी जोडून दाखवला. एल निनो आणि ला निना ही आज वाहिन्यांच्या तोंडी खेळणारी नावं या साखळीतली आहेत. तिची पहिली कडी भारतीय दुष्काळानं जोडायला लावली.

पॅसिफिकचा विषुववृत्तावरचा मधला-पूर्वेचा भाग नेहमीपेक्षा तापला तर एल निनो, निवला तर ला निना. एल निनोच्या हिवाळ्यात आपल्या देशात बहुतेकदा रात्री उबदार राहतात. ला निनाच्या हिवाळ्यात उत्तर भारतात गारठा वाढण्याकडे कल असतो. ‘कल असतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि नेमके तेच बातमीत गाळले जातात.

२०२४ च्या पावसाळ्याअखेर काय काय छापून आलं ते काढून पाहा. ला निना येतोय, यंदा कडाक्याची थंडी, स्वेटर तयार ठेवा. प्रत्यक्षात काय झालं? ला निना उशिरा आला आणि दुबळा आला. २०२५ चा जानेवारी देशाच्या सरासरी तापमानात १९०१ पासूनचा तिसरा उष्ण जानेवारी ठरला. फेब्रुवारी तर १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण. हे आकडे हवामान खात्याचेच आहेत. कडाक्याची थंडी सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचकांना हे मागाहून सांगितलं? अशा बातमीवर विसंबून ज्यानं गहू उशिरा पेरला, त्याच्या ओंबीत दाणा भरायच्या दिवसांतच ऊन तापलं. बातमी देणाऱ्याचं काही बिघडलं नाही.

उलटंही घडतं. २०१८-१९ चा हिवाळा सौम्य एल निनोचा होता, म्हणजे ढोबळ हिशेबानं उबदार. त्याच डिसेंबरच्या अखेरीस निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्या आसपास घसरला. बागायतदारांनी पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्या. पॅसिफिकनं सगळं ठरवलं असतं तर हे झालं नसतं. या खेळात भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी विक्षोभ असतात, हिमालयातला बर्फ असतो, आणि आपल्या दाराशी अरबी समुद्र असतो. एका समुद्राचं नाव घेऊन अख्ख्या हिवाळ्याचं भविष्य सांगणारा माणूस, मग तो टीव्हीवर असो की व्हॉट्सअपवर, तुमची फसवणूक करतो आहे. पंचांगावरचा विश्वास काढून एल निनोवर ठेवला, एवढ्यानं कुणी विज्ञाननिष्ठ होत नाही.

त्यातही एल निनो-ला निना ही वर्षा-दोन वर्षांची आवर्तनं झाली. पॅसिफिकला दशकांच्या हिशेबानं चालणारा संथ हेलकावाही आहे. १९७६-७७ च्या सुमाराला त्यानं मोठी कूस बदलली. त्यानंतर अलास्काच्या किनाऱ्यावर सामन मासा भरभरून मिळू लागला, अमेरिकेच्या वायव्य भागातला मासा घटला आणि उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्याचा बाज पालटला. हा हेलकावा मासळीचे आकडे तपासणाऱ्यांच्या लक्षात पहिल्यांदा ठळकपणे आला, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. समुद्राकडे रोज बघणाऱ्याला समुद्राचा बदल आधी कळतो.

आता दाराशी येऊ. अरबी समुद्र तापतो आहे, आणि तो हेलकावा नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था आहे. तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर जून ते सप्टेंबरच्या महिन्यांत सुमारे १.२ अंशांनी तापला. चक्रीवादळ पोसायला समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर लागतं. एके काळी अरबी समुद्र त्या मानानं शांत धरला जायचा, वादळं म्हणजे बंगालच्या उपसागराचं काम. त्याच संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. पाषाणमध्ये झालेलं हे काम जगभर वाचलं जातं. आपल्या जिल्हा नियोजनाच्या बैठकीत त्याची प्रत कुणाच्या फायलीत असते का, हे आमदारांना विचारावं.

या आकड्यांना चेहरे आहेत.

२०१७ चा ५ डिसेंबर. ‘ओखी’ चक्रीवादळ केरळ आणि लक्षद्वीपला तडाखा देऊन गुजरातकडे सरकत होतं. मुंबईत भर डिसेंबरात मुसळधार. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. विदर्भ-मराठवाड्यातून, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं लेकराबाळांसह शिवाजी पार्कवर उतरलेली होती. मैदानात चिखल, मंडप गळके, अंथरुणं भिजलेली, पुस्तकांचे स्टॉल प्लास्टिकखाली. पालिकेनं आसपासच्या शाळा त्यांच्यासाठी उघडल्या. चैत्यभूमीवर दर वर्षी येणाऱ्यांच्या गाठोड्यात घोंगडी असते, भाकरी असते. छत्री कशी असेल? ६ डिसेंबरला पाऊस पडतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

२०१९. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि पूर्वेचा निवलेला, ही स्थिती त्या वर्षी मोजमाप सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत तीव्र स्थितींपैकी एक होती. अरबी समुद्रात वर्षभरात पाच चक्रीवादळं झाली. ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन एकाच वेळी फिरत होती. राज्यात पाऊस थांबेना. सोयाबीनच्या गंजीला शेतातच मोड आले, कापूस भिजला, द्राक्षाचे घड कुजले. मुंबईत तेव्हा मुख्यमंत्री कोण, यावर रात्री जागवल्या जात होत्या. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना हेक्टरी १८ हजार रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. द्राक्षाच्या एका एकराला छाटणीपासून फवारण्यांपर्यंत लाखांनी खर्च येतो, हे नाशिक जिल्ह्यातलं शाळकरी पोर सांगेल.

२०२१ चा १ आणि २ डिसेंबर. हा ला निनाचा हिवाळा होता. अरबी समुद्रावरचं बाष्प आणि पश्चिमी विक्षोभ यांची गाठ पडली. दिवसभर थंड पाऊस, त्यात बोचरा वारा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागात मेंढपाळांचे वाडे उघड्या रानात होते. मेंढीची लोकर कोरडी असेल तर थंडी अडवते. भिजली की तीच अंगावरचं ओझं होते, आणि उभी राहायला कोरडी जागा नसते. शेकडो मेंढ्या एका रात्रीत गारठून मेल्या. थंडीची लाट जाहीर करायला तापमान किती उतरावं लागतं, याचे नियम आहेत. ओल्या मेंढीला त्या नियमात जागा नाही.

२०२३ चा २६ नोव्हेंबर. एल निनोचा हिवाळा. निफाड तालुक्यात दुपारनंतर गारा. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या बागा तेव्हा कुठं फुलोऱ्यात, कुठं मणी धरण्याच्या अवस्थेत, आगाप बागांत मणी भरत आलेले. गार पडली की नुसता घड जात नाही, काडीची साल फुटते, आणि तिच्यावर पुढच्या वर्षीचा भरवसा असतो. दुसऱ्या दिवशी बागेत गेलात तर बांधापर्यंत हिरवे मणी पडलेले, पानं चाळणी झालेली, तारांवर नुसत्या काड्या. गारांतून वाचलेल्या घडांवर केवडा आणि भुरी चढते, म्हणजे पुन्हा फवारणी, पुन्हा उधारी. चार वर्षं, पॅसिफिकच्या वेगवेगळ्या स्थिती, आणि प्रत्येक वेळी बाष्प पुरवणारा समुद्र तोच, आपल्या दाराशी असलेला.

द्राक्षाचं नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. हापूसचं दिसत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. देवगड-रत्नागिरीकडे पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उन्हानं जमीन वाळते आणि काडी पक्की होते. मग काडीच्या शेंड्यावरचा डोळा फुगतो. त्या डोळ्यातून मोहोर निघणार की तांबूस पालवी, हे पुढच्या दोन-तीन आठवड्यांच्या रात्री ठरवतात. रात्री गार गेल्या, पारा पंधराच्या आसपास राहिला, तर मोहोर. रात्री ढगाळ आणि उबदार गेल्या तर पालवी. बागायतदार सकाळी कलमाखाली उभा राहून एक फांदी खाली ओढतो, शेंडा बोटांत धरतो आणि लाल कोवळं पान दिसलं की काही न बोलता सोडून देतो. पालवी जून व्हायला पुन्हा काही महिने लागतात. तेवढ्या अवधीत आगाप आंब्याचा बाजारभाव निघून गेलेला असतो. आलेल्या मोहोरावर ढगाळ हवेत तुडतुडे बसतात, भुरी धरते. आणि मधेच एकदम कडाका पडला तर झाड पुन्हा मोहोरतं, आधीची वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं गळतात. आंब्याला थंडी हवी, पण मापात आणि सलग. समुद्र तापल्यापासून ती तुकड्यातुकड्यानं येते. आठवडाभर गारठा, मग आठवडाभर ढग, मग पुन्हा गारठा.

रात्री तापताहेत, हा बागायतदाराचा भास नाही. हवामान खात्यानं २०२४ हे देशातलं १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरवलं. त्यात किमान तापमान सरासरीच्या ०.९० अंश वर होतं. कमाल तापमान एवढं वाढलं नव्हतं. म्हणजे वाढीचा मोठा वाटा रात्रींचा.

खुद्द समुद्रातही हिवाळा बिघडतो आहे, आणि त्याची गोष्टही सांगितली पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचे थंड कोरडे वारे उत्तर अरबी समुद्रावरून वाहतात. वरचं पाणी निवतं, जड होतं, खाली बसतं, आणि खालचं पोषक पाणी वर येतं. त्यावर माशांचं खाद्य वाढतं. हिमालय-तिबेटचा बर्फ घटल्यानं ते वारे आता तेवढे थंड आणि कोरडे राहिलेले नाहीत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एके काळी काम केलेले ज्योकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी २०२० साली मांडलं की त्यामुळं हे ढवळणं मंदावलं आणि नॉक्टिल्युका या सूक्ष्म जिवाचं पेव फुटलं. रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात, पर्यटक व्हिडिओ काढतात, तोच हा जीव. दिवसा पाणी हिरवं, बुळबुळीत. त्याला जेलीफिश खातात, आपल्या जाळ्यात येणारी मासळी सहसा खात नाही. चमकत्या लाटा पाहायला यावं म्हणून जाहिरात करणाऱ्यांनी शेजारच्या कोळीवाड्यात जाऊन जाळ्यात काय आलं, तेही विचारावं. आणि डिसेंबरात अवकाळी आला की वलांडीवर सुकत घातलेले बोंबील कुजतात, त्या कोळणीचा पंचनामा करायला कुणी येत नाही.

‘एवढी थंडी पडली आणि म्हणे तापमानवाढ!’ असं बोलणारे या वाचकांतही असतील. त्यांना उत्तर देतो. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी पारा ०.६ अंशांवर होता. पुण्याला १७ जानेवारी १९३५ रोजी १.७. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४. हे नीचांक अजून मोडलेले नाहीत. थंडीची एखादी पहाट येते, पुढंही येईल. पण एका गार पहाटेवरून निसर्गाचा ताळेबंद मांडणं म्हणजे डोळ्यांवर हात ठेवून घेणं आहे. समुद्राचे आकडे वर्षानुवर्षांचे आहेत आणि ते एकाच दिशेला जातात.

मग आपण काय केलं? २०२४ च्या सुरुवातीला आदेश काढून देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद केली. तालुक्याच्या पातळीवर शेतकऱ्याला ‘उद्या फवारू नका, परवा ढग आहेत’ असं सांगणारी ही केंद्रं होती. कृषी विज्ञान केंद्रांतल्या दोन-तीन माणसांच्या पगाराचा प्रश्न होता. ज्या काळात हिवाळा समजून सांगायला माणसं जास्त लागणार, त्याच काळात ती काढून टाकली. याला काटकसर म्हणणाऱ्यांनी निफाडच्या एका गारपिटीचा हिशेब समोर ठेवावा.

मोजणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान सतत देते, मच्छीमारांना मासळी कुठं मिळेल ते सांगते. तरंगती मापनयंत्रं अरबी समुद्रात आहेत. हवामान खातं नोव्हेंबरअखेरीस हिवाळ्याचा अंदाज देतं, त्यात पॅसिफिक आणि हिंदी महासागराची स्थिती लिहिलेली असते. म्हणजे माहिती हैदराबादेत आहे, पुण्यात आहे, दिल्लीत आहे. देवगडच्या कलमाखाली पोचत नाही. मराठी वर्तमानपत्रांनी आणि आकाशवाणीच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज एक ओळ द्यावी: अरबी समुद्र आज किती अंशांवर, नेहमीपेक्षा किती वर, बाष्प कुठल्या बाजूला. महिनाभरात ती ओळ वाचायची सवय बागायतदाराला लागेल. बाजारभाव तो असाच तर वाचतो.

आणि शेवटचं मागणं राज्याच्या कृषी खात्याकडे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंब्यासाठी अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान असे धोके धरलेले आहेत. मोहोराला लागणारी थंडीच पडली नाही, नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री उबदार गेल्या, हा धोकाही त्यात धरा. मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर रात्रीचं तापमान नोंदलं जातंच, नवीन यंत्र लागणार नाही. निकष ठरवणाऱ्या समितीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा फळशास्त्रज्ञ आणि समुद्राचा अभ्यास करणारा एक माणूस शेजारी शेजारी बसवा. पुढच्या हंगामाचा शासन निर्णय निघण्याआधी हे करा, कारण तो निघाला की बागायतदाराला आणखी एक वर्ष थांबावं लागेल.